एकच टेकडी, बारा वेळा

मृग लागला की पुणे, रायगड, नाशिक, सातारा या जिल्ह्यांत दोन गोष्टी हमखास येतात: पाऊस आणि जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश. पूर्वी तो कलम १४४ खाली निघायचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. कलम बदललं, मजकूर तोच राहिला. खोल पाण्यात उतरू नये, धबधब्याखाली उभं राहू नये, कठड्यावर चढून सेल्फी काढू नये, मद्यपान करू नये. आदेश निघाल्यावर येणाऱ्या पहिल्याच रविवारी घाटात चार-चार तास वाहनं अडकून पडतात आणि वर्तमानपत्रांत ‘तरुणाईची बेफिकिरी’ या मथळ्याखाली तेच छायाचित्र छापून येतं.

आदेशामागची कारणं खोटी नाहीत. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्याच जुलैत माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी व्हिडिओ काढताना एक तरुणी दरीत कोसळली. १५ जून २०२५ च्या रविवारी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने खाली आला आणि चौघांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होताच. फलक होता, आदेश होता, पूलही होता. पुलाच्या तोंडाशी उभं राहून लोकांना मोजून आत सोडणारा माणूस तेवढा नव्हता.

आता बंदीचं दुसरं टोक बघा. भुशी बंद झालं की गाड्या ताम्हिणीकडे वळतात. ताम्हिणीत पोलीस दिसले की समाजमाध्यमावर कालच पाहिलेल्या, नावही धड माहीत नसलेल्या एखाद्या ओढ्याकडे. म्हणजे गर्दी ओळखीच्या धोक्याकडून अनोळखी धोक्याकडे जाते. गोव्यात २०२३ च्या जुलैत दूधसागरला रेल्वे रुळांवरून चालत निघालेल्या पर्यटकांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या. देशभर हसण्यावारी गेलं ते. पण रुळांशिवाय तिथे पावसाळ्यात कुठून, कधी आणि कुणाबरोबर जायचं, हे त्या उठाबशा काढणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होतं?

वीस ते तीस वयाच्या मुलामुलींच्या मोकळ्या वेळाकडे सरकार गर्दी म्हणून बघतं आणि बाजार पॅकेज म्हणून. छंद म्हणून त्याच्याकडे कुणीच बघत नाही. छंद म्हणजे काय, याची साधी कसोटी आहे: माणूस दुसऱ्यांदा जातो. तिसऱ्यांदा जातो. दहाव्यांदा गेल्यावर त्याला काहीतरी कळायला लागतं आणि जे कळतं तेच त्याला सुरक्षितही ठेवतं. बारा महिन्यांत बारा ठिकाणं ‘करणारा’ तरुण बाराही ठिकाणी नवखाच असतो. म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. तरुणांनी एकच जागा धरावी, आणि ती धरता यावी म्हणून लागणाऱ्या साध्या गोष्टी सरकारने पुरवाव्यात: बस, स्वच्छतागृह, पावसाची नेमकी माहिती, संध्याकाळी उघडी खोली.

पाणी कसं चढतं

ओढ्याचं पाणी ‘अचानक’ वाढलं असं बातमीत लिहिलेलं असतं. वर पठारावर असलेल्याला त्यात अचानक काही वाटत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरचे ओढे आखूड आणि उभे असतात. खाली काळा कातळ, वर जेमतेम वीतभर माती. जून संपेपर्यंत ती माती पाण्याने भरून जाते. मग पडलेला जवळजवळ प्रत्येक थेंब सरळ ओढ्यात येतो. वर पठारावर अर्धा तास जोराची सर झाली तर खाली, जिथे ऊनही पडलेलं असू शकतं, तिथलं पाणी काही मिनिटांत घोट्यावरून गुडघ्यावर जातं. गुडघाभर पाणी बघून माणसाला भीती वाटत नाही. मात्र पाण्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो, हे डोळ्यांना दिसत नाही. पायांना कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. त्यात पायाखाली शेवाळलेला कातळ. ७ जुलै २०२४ ला रायगडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोट आले आणि पर्यटक कठड्यांना धरून उभे राहिले. तिथे तर ओढाही नव्हता. पायऱ्यांचाच ओढा झाला.

पाणी चढणार असेल तर ते आधी सांगतं. स्वच्छ पाणी गढूळ होतं. काड्या, पानं, फेस वाहून येतो. आवाज जाड होतो, त्यात दगड गडगडल्याचा घोगरेपणा येतो. यांतली एक खूण दिसली की पाण्याबाहेर पडायचं, फोन आणि चपला सोडून. आणि बाहेर पडायचं ते गावाच्या बाजूच्या काठावर. ही चूक हमखास होते: माणसं जवळच्या काठावर जातात आणि मग परतीच्या वाटेत तोच ओढा आडवा येतो. तसं झालंच तर थांबायचं. हे आखूड ओढे जसे चढतात तसेच उतरतात. पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत बहुतेक वेळा वाट मोकळी होते. हात धरून साखळी करत पार जायचं धाडस करू नये. नवख्यांच्या साखळीत एकाचा पाय सुटला की शेजारच्याचाही सुटतो. आणि पहिल्यापासूनच घड्याच्या तोंडासारख्या अरुंद जागी, म्हणजे दोन्ही बाजूंना उभा कातळ आणि मध्ये पाणी अशा जागी, उभंच राहायचं नाही. बाहेर पडायला बाजू नसते तिथे खूण दिसून उपयोग काय?

हे सगळं एका पानाच्या पत्रकात मावतं. मनाई आदेशाच्या मागच्या बाजूला मराठीत, चित्रांसह छापता येतं. ‘पाण्यात उतरू नये’ या वाक्याने जेवढे जीव वाचतात त्यापेक्षा ‘पाणी गढूळ झालं की बाहेर या’ या वाक्याने जास्त वाचतील, असं आमचं ठाम मत आहे. पहिलं वाक्य कुणी पाळत नाही.

बंदी कधी घालावी यालाही माप आहे. हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’ पाऊस. पुणे जिल्ह्यासाठी इशारा देताना घाटमाथ्याचा वेगळा उल्लेख असतो, कारण ताम्हिणीत शेकडो मिलिमीटर कोसळतो तेव्हा बारामती-इंदापूर कोरडे असतात. शहराचा अंदाज बघून घाटात जाणं ही दुसरी नेहमीची चूक. हवामान विभागाच्या लाल, म्हणजे सर्वांत वरच्या इशाऱ्याच्या दिवशी पायथ्यालाच साखळी लावावी. त्याखालच्या नारिंगीच्या दिवशी पायवाटा खुल्या, पाणी बंद. बाकी दिवशी माणसं मोजून आत. दोन-तीन महिन्यांच्या सरसकट बंदीचा आदेश काढणं सोपं पडतं म्हणूनच तो कुणी मनावर घेत नाही. देवकुंड धबधब्यासारख्या, जिथे जाण्यायेण्याची वाटच पाण्याला चिकटून आहे अशा मोजक्या जागा पूर्ण पावसाळा बंद ठेवल्या तर आमची तक्रार नाही.

अनुभव विकत मिळतो, सराव मिळत नाही

बाजाराने काय केलं ते बघू. ‘एक दिवसाचा ट्रेक, नाश्ता-जेवणासह’ अशी जाहिरात, पन्नास सीटांची बस, दोन ‘लीडर’. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर किंवा हरिहरच्या कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्यांवर पावसाळी रविवारी अशा पाच-सहा बसगाड्यांची माणसं एकाच वेळी पोहोचतात. हरिहरची वाट एका माणसापुरती. वर जाणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की मधल्यांना ओल्या दगडातल्या खोबणीत बोटं अडकवून उभं राहावं लागतं. यात शिकण्यासारखं काही नसतं. रांगेचा अनुभव रेशनच्या दुकानातही मिळतो.

राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ चं. त्यानुसार असे उपक्रम करणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारले तरी आयोजक कळतो. नोंदणी आहे का? पंधरा माणसांमागे पुढे एक आणि सगळ्यांत मागे एक असे जाणकार आहेत का? प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुणाचं झालंय? आणि परत फिरायची वेळ काय ठरली आहे? चौथ्या प्रश्नाला ‘बघू तिथे गेल्यावर’ असं उत्तर आलं तर पैसे वाचवावेत. गिरिभ्रमण संस्थांची महाराष्ट्रातली परंपरा जुनी आणि कसलेली आहे. दरीत कुणी अडकलं की रात्री-अपरात्री दोर घेऊन उतरतात ती लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र किंवा खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या संस्थांची स्वयंसेवक मुलं. त्यांच्या प्राथमिक शिबिराची जाहिरात पॅकेजवाल्यांइतकी चकचकीत नसते, एवढंच.

शहरातल्या छंदांचंही तसंच. मातीकामाची दोन तासांची कार्यशाळा हजार-दीड हजारात होते. चाकावर गोळा मध्यात आणणं हे त्या कलेचं पहिलं कौशल्य, आणि ते दोन तासांत कुणालाच येत नाही. कोपर मांडीला टेकलेलं नसतं, हात डोलतो, आणि भिंत वर ओढताना एका बाजूने पातळ होऊन कोसळते. मग शिकवणारा आपले हात घालतो, कप होतो, फोटो निघतो. तो कप शिकवणाऱ्याचा असतो. शिकायचंच असेल तर एकाच मापाचा, अर्धा किलोचा गोळा घेऊन दहा संध्याकाळी फक्त मध्यात आणायचा आणि कापून बघायचा: तारेने उभा छेद घेतला की कुठे जाड, कुठे पातळ ते दिसतं. वस्तू नीट वाळायला आठवडाभर तरी लागतो. आत ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होते आणि भांडं फुटतं, शेजारचीही घेऊन जातं. ही दहा संध्याकाळची शिकवणी कुठे मिळते? फार थोड्या ठिकाणी, आणि बहुतेकांच्या खिशाबाहेर.

बारा महिने

पुण्यात असाल तर वेताळ टेकडी घ्या. मुंबईत बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान किंवा ठाण्याची खाडी, नाशिकला पांडवलेणीचा डोंगर, नागपूरला अंबाझरी, सोलापूरला सिद्धेश्वर तलाव. गोव्यात रायबंदरहून फेरीने चोडणला सलीम अली पक्षी अभयारण्य; चालत चढणाऱ्याला फेरीचं भाडंही नाही. निकष एकच: घरून तासाभरात, सार्वजनिक वाहनाने किंवा सायकलने, आणि कामाच्या दिवशीही सकाळी जाऊन येता आलं पाहिजे.

वेताळ टेकडीवर पक्षी बघायला सुरुवात करायची तर ऑक्टोबर बरा. पाऊस संपलेला, हिवाळी पाहुणे येऊ लागलेले. सूर्योदयानंतरचे दोन तास. नऊनंतर पक्षी आणि माणूस दोघेही कंटाळतात. पहिले दोन महिने दुर्बीण घेऊच नका. कावळा, साळुंकी, चिमणी ही तीन मापं डोक्यात बसवा आणि दिसलेला प्रत्येक पक्षी त्यांच्याशी ताडून वहीत लिहा: साळुंकीपेक्षा मोठा की लहान, चोच कशी, शेपटी काय करते, जमिनीवर होता की शेंड्यावर. बुलबुल, दयाळ, शिंपी, तांबट, सातभाई, कोतवाल, वेडा राघू, खंड्या, भारद्वाज, टिटवी. एवढे दहा न बघता आवाजावरून ओळखता आले की पुढचे पन्नास आपोआप येतात. नवशिके उलट करतात. पहिल्याच दिवशी दुर्मीळ पक्ष्याच्या मागे लागतात आणि फोनवर त्याचा आवाज वाजवतात. विणीच्या काळात असा आवाज वाजवला की नर आपल्या हद्दीत दुसरा शिरला समजून घरटं सोडून भांडायला येतो. छायाचित्र मिळतं, पण तेवढ्या वेळात घरटं उघडं पडतं.

दुर्बीण घ्याल तेव्हा ८×४२ घ्या. आठपट मोठं दिसणार, समोरची काच ४२ मिलिमीटरची. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच: एवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा ठिपका डोळ्यात येतो. प्रवासी म्हणून विकली जाणारी १०×२५ खिशात मावते खरी, पण तिचा ठिपका अडीच मिलिमीटरचा. पहाटेच्या उजेडात सगळं अंधुक दिसतं, आणि दहापट मोठं करताना हाताचा कंपही दहापट होतो. झूमवाली तर नकोच. आणल्यावर उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी फोकस करायचा. मग डावा मिटून, चाकाला हात न लावता, उजव्या भिंगावरची कडी फिरवायची. ही दोन मिनिटं न दिल्यामुळे निम्म्या लोकांची डोकी दुखतात आणि दुर्बीण माळ्यावर जाते. चश्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप आत वळवा. शक्य असेल तर तिघांत एक घ्या. हातात दुर्बीण नसलेला माणूस जास्त पक्षी शोधतो, हे कोणत्याही गटात पडताळून बघावं.

मग महिने आपोआप उलगडतात. नोव्हेंबरात दगडी खाणीच्या कडेला थिरथिरा शेपूट थरथरवत बसलेला असतो. फेब्रुवारीत पानं गळालेल्या गणेरीवर पिवळी फुलं येतात, काटेसावर आणि पळस फुलले की साळुंक्यांची तिथे जत्रा भरते. उंदीरमारीची गुलाबी फुलंही त्याच सुमारास; छान दिसतात, पण हे बाहेरून आणून लावलेलं झाड टेकडीवर एवढं का माजलंय हा प्रश्न तिथूनच सुरू होतो. एकाच जागी वारंवार जाणाऱ्यालाच असे प्रश्न पडतात. मे संपता संपता पावशा ‘पेरते व्हा’ म्हणू लागतो, पहाटे नवरंगाची दोन सुरांची शीळ येते, आणि पहिल्या सरीनंतर मातीत मखमली लाल मृगाचे किडे. जुलैत वाट निसरडी कुठे होते ते तुमच्या पायाला पाठ झालेलं असतं.

टेकडीवर वर्ष काढलं की मग गड. सिंहगडाची आतकरवाडीची वाट पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, चढ साधारण ६०० मीटर. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला हिशेब अजून चालतो: पाच किलोमीटरला एक तास, अधिक दर ६०० मीटर चढाला एक तास. म्हणजे सिंहगड दीड तास. नवख्यांसाठी पाव वेळ वाढवा, पावसात निम्मा. उतरायला कमी वेळ लागतो हा गैरसमज. ओल्या वाटेवर उतरतानाच पाय सटकतात आणि गुडघे बोलू लागतात. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यातून उतरण्याचा वेळ आणि आणखी एक तास वजा करा: ती परत फिरायची वेळ, माथा आला असो वा नसो. बुटांचा तळ मऊ रबराचा आणि खोल खाचांचा हवा. जिममधले सपाट बूट ओल्या कातळावर साबणासारखे. जीन्स भिजली की जड होते आणि मांड्या सोलते. पाणी माणशी दोन लिटर, मार्चपासून तीन. नुसतं पाणी ढोसून पोटऱ्यांत गोळे येतात, म्हणून ओआरएसची दोन पाकिटं, गूळ-शेंगदाणे. एक शिटी, एक छोटी बॅटरी. आणि अत्तर-बित्तर मारून गडावर जाऊ नये. आग्या मोहोळ उठवायला उग्र वास आणि धूर पुरतो. उठलंच तर हात न झाडता, तोंड झाकून, खाली वाकून लांब पळायचं. पाण्यात उडी मारायची नाही.

कुणाला जमतं आणि कुणाला नाही

‘तरुणांनी बाहेर पडावं’ हे म्हणणं फुकट आहे. बाहेर पडायला वाहन लागतं. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरलं की भाजे लेणी, लोहगड, विसापूर पायी करता येतात. चहा-वड्याच्या खर्चात अख्खा दिवस. पण दुपारी या मार्गावर लोकल इतक्या विरळ की सकाळी गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत अडकतो, म्हणून तो पुढच्या वेळी दुचाकी काढतो आणि घाटातली कोंडी एका गाडीने वाढवतो. २०२२ च्या मेमध्ये सिंहगडाच्या घाटात खाजगी गाड्या बंद करून ई-बस सोडल्या गेल्या. अपुरी तयारी, अरुंद वळणं आणि गर्दी यांत ती योजना त्याच महिन्यात गुंडाळली. कल्पना चुकीची नव्हती. पुरेशा बस, खाली मोठा वाहनतळ आणि वर थांबण्याची जागा या तीन गोष्टींशिवाय ती घाईने आणली, ही चूक. त्यानंतर गाड्या पूर्ववत वर जाऊ लागल्या आणि ‘बस चालत नाही’ असा निष्कर्ष सोयीस्करपणे काढला गेला.

एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. चार आणि सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास त्याहून कितीतरी जुना, आणि कॉलेजातल्या मुलांना तो असतो हेच माहीत नसतं. पण निम्म्या तिकिटाने मुली गडाच्या पायथ्याला पोहोचल्या तरी पुढे काय? पायथ्याला स्वच्छतागृह नाही म्हणून त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत. दुपारी चक्कर येते, आणि ‘मुलींना झेपत नाही’ असा शेरा मिळतो. मार्चनंतरच्या उन्हात हे सरळ धोकादायक आहे. ११ जुलै २०२५ ला मराठा लष्करी वास्तूंतले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले. दिव्यांची रोषणाई झाली. त्या अकरांच्या पायथ्याशी पाणी असलेलं, दार लागणारं, रोज धुतलं जाणारं स्वच्छतागृह आणि शेवटच्या बसची वेळ लिहिलेला फलक, एवढं जरी झालं तरी वारशाचा मान राहील.

आणि एक वर्ग चर्चेत कधीच नसतो. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत कित्येकांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी फुटणारा सिंहगड गुरुवारी रिकामा असतो. पण संस्थांची शिबिरं, जादा बस, मार्गदर्शक हे सगळं रविवारी. महिन्यातला एक गुरुवार यासाठी राखला तर गर्दीही थोडी वाटली जाईल.

माणसं मोजून सोडणं महाराष्ट्राला जमत नाही असंही नाही. कासच्या पठारावर ऑनलाइन नोंदणी, दिवसाच्या संख्येला मर्यादा आणि गावकऱ्यांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीची माणसं प्रत्यक्ष जागेवर, अशी घडी बसली आहे. जमा होणाऱ्या शुल्कातून गावातल्या पोरांना हंगामी काम मिळतं, म्हणून नियम पाळला जातो. चार-पाच वाटा फुटणाऱ्या गडावर हे जसंच्या तसं चालणार नाही. पण भुशी, कुंभे यांसारख्या एकाच तोंडाच्या जागी का चालू नये?

शहराजवळच्या टेकड्यांचं मोल याच हिशेबाने करायला हवं. वेताळ टेकडीतून बालभारती-पौड फाटा रस्ता काढायचा वाद पुण्यात वर्षानुवर्षं चालू आहे. रस्त्याच्या बाजूने वाहनांचे आकडे मांडले जातात, टेकडीच्या बाजूने झाडांचे. पहाटे तिथे चालणाऱ्या, धावणाऱ्या, वही घेऊन बसणाऱ्या माणसांचा आकडा कुणीच मांडत नाही. ती टेकडी तुटली तर त्या माणसांनी शनिवार-रविवारी कुठे जायचं? ताम्हिणीलाच ना!

किल्ली कुणाकडे

आक्षेप ऐकू येतात. स्पर्धा परीक्षेची, नोकरीची वेळ असताना छंद कसले? हा आक्षेप घेणाऱ्यांनी अभ्यासिकेतल्या मुलांचा दिवस बघावा: दहा-बारा तास खुर्चीत आणि विरंगुळा म्हणजे फोन. आठवड्याला तीन तास टेकडी त्याच्या आड येत नाही. दुसरा आक्षेप पैशांचा, तो जास्त गंभीर आहे. त्याचं उत्तर संध्याकाळी सहानंतर कुलूप लागणाऱ्या महापालिका शाळांत आहे.

एका वॉर्डात एक शाळा घ्या. दोन वर्गखोल्या, आठवड्यातून चार दिवस, साडेसहा ते नऊ. एकीत राज्य नाट्य स्पर्धेची तालीम करणारा हौशी संघ, जो आज कुणाच्या तरी गच्चीवर शेजाऱ्यांच्या शिव्या खात उभा असतो. दुसरीत सोमवारी चित्रकला, बुधवारी बुद्धिबळ, शुक्रवारी मातीकाम. मातीकामाला फार काही लागत नाही; एक अट मात्र पाळायची. हात आणि हत्यारं नळाखाली धुवायची नाहीत. दोन बादल्या ठेवायच्या, पहिलीत धुवायचं, दुसरीत विसळायचं. रात्रभर गाळ खाली बसला की वरचं पाणी झाडांना आणि गाळ पुन्हा गोळ्यात. हे न केल्याने आठवड्याभरात शाळेचं गटार तुंबतं आणि पुढच्या सोमवारी वर्ग बंद होतो. छंदवर्ग बंद पडतात ते बहुतेक अशाच कारणांनी.

१९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली गावोगाव उभ्या राहिलेल्या अनुदानित ग्रंथालयांतही हे करता येईल. तिथे निदान कपाट, टेबल आणि सही घेणारा माणूस आधीच आहे. शाळेत अडतं ते किल्लीपाशी. बाक मोडला, फळा फुटला, पंखा चोरीला गेला तर मुख्याध्यापकांना लेखी जाब द्यावा लागतो, म्हणून कोणताही शहाणा मुख्याध्यापक खोली देत नाही. तेव्हा किल्लीची जबाबदारी वॉर्ड कार्यालयाने घ्यावी. गटाकडून दोन हजार रुपये अनामत, खोलीतल्या वस्तूंची एका पानाची यादी, आल्यावर आणि जाताना त्यावर दोघांच्या सह्या, आणि शिपायाला त्या अडीच तासांचा जादा भत्ता. भत्ता महिन्याच्या महिन्याला, पगाराबरोबरच मिळाला पाहिजे. तो थकला की दार उघडायला उशीर होऊ लागतो आणि तीन आठवड्यांत येणारी माणसं निम्मी होतात.